कावळ्याचा शॉट

मृत्यू हे मानवी जीवनातलं एकमेव अटळ सत्य आहे. जन्माला आला तो जाणार. यातून राजा सुटला नाही की रंक सुटला नाही. नाशिकला द्वारका चौकाच्या मागे आमची अरुणोदय कॉलनी आहे, तिथे मात्र २००४ सालच्या दिवाळीनंतर तीन आठवडे शोधूनही मरायला एक माणूस मिळत नव्हता.

झालं होतं असं, की जिल्ह्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा मेळावा जानेवारीत भरायचा होता. दरवर्षी त्यात भजनस्पर्धा असते. पण गेल्या वर्षी तबल्यावरून दोन संघांत धक्काबुक्की झाली आणि एकाचा दात पडला (कवळीतला), म्हणून यंदा लघुपटाची स्पर्धा ठेवली होती. वीस मिनिटांचा चित्रपट, विषय 'वार्धक्य आणि मृत्यूला सामोरे जाताना'. पत्रक घेऊन आमच्या संघाचे अध्यक्ष खंडेराव देवरे माझ्या घरी आले. खंडेराव निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, मुख्याध्यापकपणातून नव्हे.

"लेखक," ते म्हणाले, "लिहायला घ्या. शुद्धलेखन मी बघीन."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. संघाचा सभासद व्हायला अजून बारा वर्षं अवकाश होता. पण माझ्या दोन विनोदी कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या, त्यातल्या एकीवर तर माझंच नाव होतं, आणि तेवढ्यावर कॉलनी मला 'लेखक' म्हणायची. ज्या स्वरात ती नळवाल्याला 'नळवाले' म्हणते, त्याच स्वरात.

आठ दिवसांत मी लिहून काढलं. एकटा राहणारा म्हातारा. मुलगा दूर. म्हातारा आजारी पडतो, शांतपणे मरणाची वाट बघतो आणि मरतो. दहाव्याला मुलगा येतो. रामकुंडावर पिंड मांडतात, पण कावळा शिवत नाही. मुलाला बापाची राहिलेली इच्छा उमगते, तो हात जोडून कबूल होतो आणि कावळा शिवतो. समाप्त. लिहून झाल्यावर मी स्वतःच सुन्न झालो. माझ्या बायकोने, भाग्यश्रीने, भाजी निवडता निवडता वाचलं आणि विचारलं, "यात विनोद कुठेय?"

"नाहीये."

"हां. म्हणजे नेहमीसारखंच."

संघाच्या बैठकीत चित्रपटाचं 'अंत' हे नाव पहिल्या दोन मिनिटांत गेलं. अशुभ आहे, असं सर्वानुमते ठरलं आणि 'सुखाचा सूर्यास्त' असं बारसं झालं. मग खंडेरावांनी पात्रांची यादी वाचली. डॉक्टर व्हायला चार जण तयार झाले. शेजारी व्हायला सहा. कथेत वकील नव्हता, तरी दोघांनी वकिलाचा आग्रह धरला, कारण एकाकडे काळा कोट होता. म्हाताऱ्याचं नाव घेतल्याबरोबर मात्र पंधरा जण छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

"मी आजारी पडतो," एक जण बराच विचार करून म्हणाले. "पण शेवटी बरा होतो."

"अहो, तो मरतो. तोच विषय आहे."

"मग बाकीचं सगळं मी करतो, मरायच्या वेळी दुसरं कोणीतरी घ्या. तोंडावर चादर तर असते."

दुसऱ्यांच्या पत्नीने निरोप पाठवला की आमच्यात चालत नाही. तिसऱ्यांची शनीची साडेसाती अजून अडीच महिने बाकी होती. फेब्रुवारीत म्हणाल तेव्हा मरतो म्हणाले. खुद्द खंडेराव म्हणाले, "मी अध्यक्ष. मी गेलो तर संघ कोण चालवणार?" मी म्हटलं, सर, खोटं खोटं जायचंय. ते म्हणाले, "संघात खोट्याचं खरं व्हायला वेळ लागत नाही."

असे तीन आठवडे गेले. आणि एका संध्याकाळी निवृत्तीकाका पिंगळे आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

निवृत्तीकाका पाटबंधारे खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. पाच फूट दहा इंच उंची, ताठ कणा, आवाज कालव्याच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा. बायको विमलाबाई आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगा बडोद्याला. काका एकटे राहत, स्वतः रांधून खात आणि संघात फारसं बोलत नसत.

"लेखक, मी मरतो," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कलेची कदर असलेला एक तरी माणूस कॉलनीत निघाला.

"दोन अटी. कावळा खरा पाहिजे. दर्भाचा नको. आणि त्या वेळी मी तिथे बसणार."

पिंडाला कावळा शिवलाच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि सुटका करून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, काका वास्तववादी आहेत. मी दोन्ही अटी मान्य केल्या. कावळ्याला कोणी विचारलं नाही.

चित्रीकरणासाठी लग्नाचे व्हिडिओ काढणारा ज्ञानेश ठरला. पोरगा कामाला चांगला, पण आयुष्यात त्याने लग्नाशिवाय काही टिपलं नव्हतं. काका खाटेवर पडून शेवटचे श्वास घेत असताना तो ओरडायचा, "काका, इकडे बघा, थोडं हसा!" सवयच ती. काकांच्या स्वयंपाकघरात 'म्हातारा स्वतःसाठी चहा करतो' हा प्रसंग घेताना तो मागे सरकला आणि ओट्यापाशी पडलेल्या लाकडी पाटाला अडखळून कॅमेऱ्यासकट पडता पडता वाचला. मी पाट उचलायला गेलो.

"राहू द्या," काका म्हणाले. "तो तिथलाच आहे."

आम्ही पाट तिथेच ठेवला आणि त्याला वळसा घालून चहा केला.

पुढचा प्रसंग श्रद्धांजलीच्या फलकाचा. हल्ली माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. त्याशिवाय तो गेलाय यावर आमच्या नाशकात कोणी विश्वास ठेवत नाही. मी फ्लेक्सवाल्याला मजकूर दिला: भावपूर्ण श्रद्धांजली, कै. निवृत्ती पुंजाराम पिंगळे. काकांनी आग्रहाने स्वतःचंच नाव घालायला लावलं होतं. फोटो नातीच्या लग्नातला मिळाला, त्यात काका फेटा बांधून हसत होते. फ्लेक्सवाल्याने नेहमीच्या सवयीने वर एका होतकरू नगरसेवकाचा फोटो टाकला. तो मयतापेक्षा मोठा होता आणि नमस्कार करत होता. कॉलनीच्या तोंडाशी, थेट हमरस्त्यावर, दोन बांबूंना तो फलक बांधला. अर्ध्या तासाचं काम होतं. पण फलक ताणून होतोय तोच ज्ञानेशचा फोन वाजला. गंगापूर रोडला त्याचं एक खरं लग्न होतं आणि तिथला नवरदेव घोड्यावर बसून कॅमेऱ्यासाठी खोळंबला होता. "उद्या घेऊ, फलक असाच राहू द्या," असं सांगून तो गेला.

फलक असाच राहिला. पहाटे दिंडोरीकडचे भाजीचे टेम्पो पंचवटीत माल टाकून याच रस्त्याने डिझेल भरायला येतात. त्यातल्या एकाने तो वाचला.

सकाळी साडेआठला मी पुढचं शूटिंग ठरवायला काकांकडे गेलो होतो, तेवढ्यात दारात पिकअप थांबली. आत अकरा माणसं, बहुतेक बाया. सगळ्यांच्या पुढे काकांची धाकटी बहीण, दिंडोरीकडे दिलेली भागुबाई. उतरायच्या आधीच तिने गळा काढला होता. "आरं माझ्या दादा रं, मला न सांगता कसा गेला रं..." मागून बाकीच्या बायांनी सूर धरला. दार उघडंच होतं. दारात स्टुलावर बसून काका पोहे खात होते.

"भागू? आज कशी काय?"

भागुबाई थांबली. मागचा सूर मात्र आणखी थोडा वेळ चालला, कारण पाठीमागच्या बायांना काका दिसत नव्हते.

"तू जित्ता हे?"

"हो की."

"मंग त्ये रस्त्याला काय टांगलंय?"

"सिनेमा आहे."

"कसला सिनेमा?"

"त्यात मी मरतो."

भागुबाईने पुढे होऊन भावाच्या पाठीत असा धपाटा घातला, की बशीतले पोहे अंगणात गेले. "लाज नाय वाटत? एवढा म्हातारा झाला! द्राक्षाला औषध मारायचं काम टाकून आले मी. वाटंनं रडून रडून घसा बसला. आन् हा मेला पोहे खातोय!"

"मेला नाही ना, म्हणून तर खातोय," काका म्हणाले.

मग तिने विचारलं, हा उद्योग कोणाचा. काकांनी निमूटपणे बोट माझ्याकडे केलं. पुढची पाच मिनिटं माझ्याविषयी जे बोललं गेलं त्यात 'शिकलेला' हा शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा शिवीसारखा आला.

पण तयारीनिशी आलेल्या बाया न रडता कशा परत जाणार? थोडा वेळ त्या अंगणात नुसत्या अवघडून बसल्या. मग एकीने विमलाबाईंची आठवण काढली आणि अर्धा तास सगळ्या त्यांच्यासाठी मनापासून रडल्या. काका आत जाऊन चहाचं बघत होते. इकडे कॉलनीत रडण्याचा आवाज गेल्यावर शेजारधर्म जागा झाला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून तीन घरांतून पिठलं-भात आला. फलक कुठल्यातरी सिनेमाचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण रडणं खरं होतं. आणि खबरदारी घेतलेली बरी. काका पुढे तीन दिवस पिठलं खात होते.

या प्रकरणाचा आणखी एक परिणाम झाला. कोणीतरी संघात बोललं, की माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं, पण तीन आठवडे ते कोणाला आठवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे मरण्यासाठी चार अर्ज आले. साडेसातीवाले म्हणाले, आता शनीचं काही नाही, मी बघून घेतो. खंडेराव स्वतः आले, चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "फ्लेक्सवर माझा फोटो कसा दिसेल?"

निवृत्तीकाकांनी कोणालाही जागा सोडली नाही. "शब्द दिलाय," ते म्हणाले. "मीच मरणार."

आता राहिला फक्त रामकुंडाचा प्रसंग. तिथे चित्रीकरण करायचं म्हणजे परवानगी हवी. आम्ही एका कचेरीत गेलो. त्यांनी सांगितलं, आधी दुसऱ्या कचेरीचं ना-हरकत आणा. दुसरी कचेरी म्हणाली, पहिल्यांनी परवानगी दिल्याशिवाय आम्ही हरकत नाही असं कसं म्हणणार? नाहीतर मग आमची हरकत आहे असं होईल. मी हे वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं. दर वेळी ते बरोबर निघालं. चार दिवस मी आणि काका त्या दोन बाकांवर आलटूनपालटून बसलो. एका अर्जात 'मयताचे नाव व मयताशी नाते' असा रकाना होता. कारकुनाने विचारलं, मयत कोण?

"नमस्कार," काका म्हणाले.

त्याच बाकावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ते सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. समोरच्या भिंतीवरच्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरकडे बघत ते बोलले.

"हिच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, लेखक. नऊ वाजल्यापासून साडेबारापर्यंत उभे होतो. मुलगा म्हणाला, आई, नातीचं लग्न थाटात करू. नाही आला. सून म्हणाली, देवघर मी सांभाळीन. नाही. मी काशी म्हटलं, रामेश्वर म्हटलं, तुळशीला संगमरवरी वृंदावन म्हटलं. शेवटी गुरुजींना पुढचं दहावं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि मोकळे झाले. ते मोकळे झाले." थोडं थांबून ते म्हणाले, "बेचाळीस वर्षं संसार केला. तिने कधी काही मागितलंच नाही हो. मग राहिलं काय?"

 मी लेखक आहे, अशा वेळी मला सुचत नाही. घरी गेल्यावर सुचतं.

"गुरुजी मला ओळखतात," ते म्हणाले. "जिवंत माणसाच्या नावाने ते पिंड द्यायचे नाहीत. मी सांगणार, हिच्या नावाने द्या. सिनेमा तुमचा तुम्ही काढा."

कलेची कदर वगैरे काही नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आपला अपमान झाला की काय, याचा मी विचार केला आणि तो झालेला नाही असं ठरवलं.

चौथ्या दिवशी त्या कारकुनालाच आमची दया आली. "शूटिंग कशाला म्हणता साहेब? पिंडदान म्हणा. त्याला परवानगी लागत नाही. शेजारी कॅमेरावाला उभा करा. हल्ली सगळे करतात, अमेरिकेतल्या मुलांना सीडी पाठवायला."

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठला आम्ही रामकुंडावर पोचलो. थंडी मरणाची होती. मुलाची भूमिका करायला कोणी तरुण तयार झाला नव्हता, कारण मुलाला डोकं भादरावं लागतं. म्हणून ती माझ्याकडे आली होती. माझा विचार होता की टोपी घालून भागवावं. पण कॅमेऱ्याची जागा ठरवताना मी घाटाच्या पायरीवर दोन मिनिटं टेकलो, तेवढ्यात मागून एका न्हाव्याने काही न विचारता पाणी लावून पहिला पट्टा मारला. तिथे टेकणाऱ्याला कोणी विचारत नसावं. एक पट्टा गेल्यावर बाकीचं राखण्यात अर्थ नव्हता. मिशी त्याने आपणहून काढली. पुढे महिनाभर ऑफिसात लोक माझा हात हातात घेत आणि मी सिनेमाचं सांगितलं की म्हणत, "असू द्या. बोलावंसं वाटलं की बोला."

गुरुजींनी काकांचं म्हणणं ऐकून घेतलं. "गेलेल्या माणसाच्या नावाने तीर्थावर केव्हाही पिंड देता येतो," ते म्हणाले. "संकल्प तुम्ही करा, पुढचं या बोडक्या गृहस्थांकडून करवून घेतो." बोडके गृहस्थ म्हणजे मी.

गोदावरीत बुडी मारून दात वाजवत मी पिंड मांडला. पानावर भात, वडा, जिलेबी. ज्ञानेशने कॅमेरा लावला. चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून त्याने थर्माकोलचा एक मोठा पांढरा तक्ता आणला होता; तो धरून उभं राहायचं काम भाग्यश्रीकडे आलं, कारण ती फक्त बघायला आली होती. काका कॅमेऱ्याच्या मागे पायरीवर बसले. त्यांच्या शेजारी भागुबाई. ती म्हणाली होती, "खऱ्या दहाव्याला मी असंन का नसंन. खोट्याला तरी येते."

साडेनऊपर्यंत कावळा आला नाही.

म्हणजे कावळे होते. समोरच्या भिंतीवर वीस-पंचवीस बसले होते आणि आमच्याकडे परीक्षकांसारखे बघत होते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड आला आला म्हणेपर्यंत शिवून झाला, ते लोक डबेही उघडून बसले. आमच्या पानाकडे एखादा झेपावायचा आणि अर्ध्या वाटेवरून वळायचा.

आधी मी संहितेतले संवाद म्हटले. "बाबा, मी तुमच्याजवळ राहायला हवं होतं!" कावळे ढिम्म. खंडेराव दिवंगताच्या जिवलग मित्राच्या भूमिकेत पुढे झाले आणि पाच मिनिटं बोलले. त्यातली तीन संघाच्या कार्याविषयी होती. मग हळूहळू संहिता संपली आणि माणसं खरंच बोलायला लागली. पिंड कोणाच्या नावाने आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. चार डॉक्टरांपैकी एक म्हणाले, "वहिनी, काकांना दर रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावू." काळ्या कोटवाले म्हणाले, मुलाशी मी बोलतो. काका एकेकाचं ऐकत होते आणि भिंतीकडे बघत होते. त्यांनी गुडघ्यांवर ठेवलेले हात मला दिसत होते.

दहा वाजले. सव्वादहा. भाग्यश्री म्हणाली, "अहो, माझा हात तुटला." ज्ञानेश म्हणाला, बॅटरी एकच आहे. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि सवयीने दर्भाकडे हात नेला.

"नाही," काका म्हणाले. एवढंच. पण आवाज कालव्याचा होता. गुरुजींनी हात मागे घेतला.

तेव्हा भागुबाई बोलली. कावळ्याशी नाही, कोणाशीच नाही. कंटाळून बोलली.

"वैनीला काय, तो वटा बुटका करून पायजे व्हता."

"काय?"

"सैपाकघरातला वटा. तुझ्या मापानं बांधला ना गवंड्यानं. चार फूट नऊची बाई ती. पाटावर उभं ऱ्हाऊन भाकरी थापायची. दोनदा पडली. दर दिवाळीला मला सांगायची, औंदा यांना सांगितलंय, पाडून चार बोटं खाली घेत्यात."

"मला कधी..." काका म्हणाले आणि थांबले.

"सांगितलं नाय का तुला?"

काकांनी पानाकडे पाहिलं. "सांगितलं होतं," ते म्हणाले. "दरवर्षी सांगायची. मी म्हणायचो, पाट आहे ना."

 काका उठले. धोतर सावरून पायऱ्या उतरले आणि सरळ पानासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. पाच फूट दहा इंचांचा माणूस एका भाताच्या गोळ्यापुढे वाकला.

"पाडतो," ते म्हणाले. "याच आठवड्यात पाडतो. चुकलं माझं."

"कट! कट!" ज्ञानेश ओरडला. "मयत फ्रेममध्ये आलं! बंद करतो, बॅटरी खाते!" त्याने कॅमेरा बंद केला. भाग्यश्रीने हुश्श करून थर्माकोलचा तक्ता खाली पालथा टाकला. आणि भिंतीवरून एक कावळा उतरला. काकांच्या पायांपासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी करून त्याने भाताला चोच मारली, मग जिलेबी उचलली आणि गेला. त्याच्या मागे आणखी सहा आले.

"शिवला," गुरुजी म्हणाले.

काकांनी डोळे पुसले नाहीत. ते तसेच उभे राहिले आणि पाणी धोतरावर पडत राहिलं. भागुबाईने त्यांचा दंड धरला. "चल आता," ती म्हणाली. "किती उभा ऱ्हाशील."

ज्ञानेशने मला विचारलं, "साहेब, कावळ्याला परत बोलवायचं का?"

परत जाताना भाग्यश्री स्कूटरवर मागे बसली होती. द्वारकेच्या सिग्नलला म्हणाली, "ते थर्माकोल उन्हात चमकत होतं. त्याला बिचकत होते ना ते?"

"हो."

"मी खाली टाकलं म्हणून आला."

"हो."

"काकांना सांगू नका."

मी म्हटलं, मी कशाला सांगू? माझ्या डोक्यावर केस नाहीत, नाक गळतंय, चित्रपटाला शेवट नाही. आणखी कोणाचं काय बिघडवू?

शेवटी चित्रपटात दर्भाचा कावळा वापरला. तो दर्भाचा आहे हे मागच्या रांगेपर्यंत दिसत होतं. मेळाव्यात तीन चित्रपट आले होते, त्यांत आमचा तिसरा आला. परीक्षकांचा शेरा असा, की प्रयत्न प्रामाणिक, परंतु ज्येष्ठांना उमेद देणारा नाही. तसेच मयत एका प्रसंगात हसताना दिसते. पहिलं बक्षीस हास्यक्लबवरच्या चित्रपटाला गेलं. खंडेरावांनी अहवालात लिहिलं की आपला क्रमांक पहिल्या तिनांत आला. श्रद्धांजलीचा फलक कुठे गेला म्हणून मी शोधला, तर तो कॉलनीतल्या एकांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधला होता. काका तिथून अजून हसतात.

निवृत्तीकाकांनी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, "काका, तुम्ही एकटेच रांधता. तुमच्या उंचीला हाच ओटा बरोबर आहे." काकांनी त्याला माप सांगितलं आणि काम होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले. पाट त्यांनी धुऊन देवघरात ठेवला. आता पोळ्या लाटताना त्यांना कमरेत वाकावं लागतं, आणि डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी, पट्टा दिला आहे.

ओट्याची उंची अठ्ठावीस इंच आहे.